दिलीप प्रभावळकर यांची कारकीर्द: चिमणराव ते बाबुली मेस्त्री, सीमाभागातील प्रेक्षकांच्या नजरेतून

सीमेवरचा प्रेक्षक (बेळगाव):

२०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' प्रदर्शित झाला आणि मी तो आईला घेऊन बेळगावात पाहिला. मध्यंतरात आमच्या मागच्या रांगेतील दोन गृहस्थांत वाद लागला. पडद्यावरचा बाबुली मेस्त्री म्हणजे 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी, असे एक जण ठासून सांगत होता. दुसऱ्याला ते मुळीच मान्य नव्हते, कारण त्याच्या मते हे तर टिपऱ्यांचे आबा होते. दोघांचेही बरोबर आहे, एवढे मी मागे वळून सांगितले, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "आणि चिमणराव कुठं ठेवलात?" त्या संध्याकाळपासून दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीवर सविस्तर लिहावे, असे मनात घोळत होते.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा त्यांनी वयाची ८१ वर्षे ओलांडली होती. या वयात चित्रपटाचा सगळा भार खांद्यावर घेणे ही मोठी गोष्ट आहेच, परंतु मला त्याहून विलक्षण वाटते ती वेगळीच बाब. पन्नासहून अधिक वर्षे लोकांसमोर राहूनही या नटाला स्वतःची अशी ठरलेली लकब नाही. गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात नकलाकार उभा राहतो, तेव्हा तो तात्या विंचूची नक्कल करतो, चिमणरावांची करतो. प्रभावळकरांची नक्कल मात्र मी आजवर कुणाला करताना पाहिलेले नाही, कारण नक्कल करण्यासाठी जे हाती लागावे लागते ते त्यांनी कधी कुणाच्या हाती लागू दिलेले नाही.

त्यांच्या घडणीत बालनाट्याचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची नोंद पुरेशी घेतली जात नाही, असे माझे मत आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये त्यांनी चिंची चेटकीण केली. तरुण पुरुषाने चेटकीण करायची, मुलांना तिची भीतीही वाटली पाहिजे आणि ती पुन्हा पुन्हा यावी असेही वाटले पाहिजे. हे काम सोपे नाही. मोठी माणसे तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून गप्प बसून राहतात. मुले कंटाळली की बोलू लागतात, उठून पळू लागतात. आवाज किती ताणायचा, शरीर कुठे वाकवायचे आणि कुठे थांबायचे, याचे शिक्षण त्या प्रेक्षकांनी त्यांना दिले असणार.

पुढे मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचा चिमणराव त्यांनी उभा केला आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ त्यांच्या जोडीला आला. आमच्या गल्लीत दूरचित्रवाणी संच आला तोपर्यंत ती मालिका संपून गेली होती. आईने मात्र मुंबईला मामांकडे बाळंतपणासाठी राहिली असताना तिचे काही भाग पाहिले होते आणि ती घरी ते आम्हाला करून दाखवत असे. मी चिमणराव प्रथम पाहिला तो असा, आईच्या अंगात. भित्रा, सरळमार्गी, कोट-टोपीतला कारकून. त्याच्या आवाजात सतत थोडी माफी मागितल्यासारखा सूर. पुष्कळ वर्षांनी मूळ चित्रण पाहायला मिळाले, तेव्हा आईने तो सूर किती नेमका पकडला होता, हे कळले.

आता ज्या कामाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, ते म्हणजे 'हसवाफसवी'. हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात सहा भूमिका स्वतः केल्या. सहा वेषांतरे, इतकेच त्याचे वर्णन केले तर ती एक कसरत वाटेल. परंतु त्यातील कृष्णराव हेरंबकर हे संगीत रंगभूमीवरचे वयोवृद्ध नट रंगमंचावर येतात, तेव्हा मघापासून हसणारे नाट्यगृह हळूहळू शांत होत जाते. आपल्या भागातील माणसाला हेरंबकर जरा जास्तच जवळचे वाटतात. संगीत नाटकाचा पाया घालणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. नाटक कंपन्यांचे मुक्काम, रात्र-रात्र चालणारी पदे आणि त्यानंतरची ओहोटी हे सगळे बेळगाव, शहापूर, खानापूरच्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तोंडून आलेले आहे. माझ्या आजोबांच्या ओळखीचे एक गायक नट उतारवयात आमच्या घरी जेवायला येत. जेवण झाल्यावर ते एखादे पद गुणगुणू लागत, आणि वरचा सूर गाठता आला नाही की तिथे हात वर करून थांबत. तो सूर ते हाताने दाखवत. 'हसवाफसवी' पाहताना मला ते गृहस्थ आठवले आणि माझे डोळे भरून आले. थकलेल्या माणसाची चेष्टा न करता त्याच्यावर हसू आणणे किती अवघड आहे, हे ज्याने अशी माणसे घरात पाहिली आहेत त्याला नेमके कळते.

आपल्याला त्यांची कोणती भूमिका महत्त्वाची वाटते, आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.

---

खानापूरची वाट:

लेख आवडला. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका. २००१ साली ती अल्फा मराठीवर सुरू झाली. केदार शिंदे यांचे दिग्दर्शन होते आणि मालिकेला आधार होता प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनाचा. म्हणजे आबांची भूमिका करणारा नट आबांच्या घराचा निर्माताही होता. शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या ही माणसे त्याने आधी कागदावर पाहिलेली होती. मालिकेत आबांना फार मोठे प्रसंग नाहीत. ते ऐकतात, पाहतात, मधेच एखादे वाक्य बोलतात आणि रात्री रोजनिशी लिहितात. इतरांना बोलू देणारा प्रमुख नट मराठी दूरचित्रवाणीवर त्यानंतर मला क्वचितच दिसला.

आमच्या शेजारी कन्नडभाषक कुटुंब राहत होते. त्या घरातील आजींना मराठी समजत असे, बोलता मात्र अडखळत येत असे. त्या न चुकता टिपरे पाहायला आमच्याकडे यायच्या. एकदा मी त्यांना विचारले, "अज्जी, सगळं कळतं का तुम्हांस?" त्या म्हणाल्या, "तो म्हातारा बोलायच्या आधीच कळतंय की." मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्या भागात दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्या माणसांना शब्दांच्या आधी सूर ऐकण्याची सवय लागते. बाजारात समोरचा माणूस कोणत्या भाषेत सुरुवात करणार, हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. आबा त्या आजींना उमगले ते या सवयीमुळे, आणि प्रभावळकर शब्दाच्या आधी विचार चेहऱ्यावर आणतात यामुळेही.

---

निपाणीकर:

धागाकर्त्यांनी तात्या विंचूचा उल्लेख केवळ नकलेपुरता केला, याचे मला वाईट वाटले. 'झपाटलेला' १९९३ साली आला, तेव्हा मी सातवीत होतो. महेश कोठारे यांच्या त्या चित्रपटात तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तेव्हापासून प्रभावळकर पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. रामदास पाध्ये यांच्या कारागिरीने हलणारा तो बाहुला आणि मागून येणारा प्रभावळकरांचा आवाज, एवढ्यावर निपाणीतील आमच्या पिढीची कित्येक मुले रात्री अंगणात एकटी जाईनाशी झाली. चेहरा काढून घेतला, शरीर काढून घेतले, तरी पात्र शिल्लक राहिले. आवाजाच्या अभिनयाचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे असेल, तर मला जरूर सांगावे.

---

अनगोळचा मास्तर:

मी ३१ वर्षे शिक्षक होतो आणि त्यांपैकी काही वर्षे मतिमंद मुलांच्या पालकांबरोबर काम केले. त्यामुळे मला दोन कामांविषयी एकत्र बोलायचे आहे. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकात प्रभावळकरांनी मतिमंद मुलाच्या वडिलांची भूमिका केली. मुलाची भूमिका अतुल परचुरे करत. नंतर १९९१ च्या 'चौकट राजा' या संजय सूरकर यांच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच नंदू साकारला, ज्याची वाढ लहानपणीच्या अपघातामुळे खुंटली आहे. एकाच नटाने आधी बापाच्या बाजूने आणि मग मुलाच्या बाजूने ते दुःख पाहिले, ही गोष्ट मला असामान्य वाटते.

नंदूचे कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तच आहे. मात्र माझे मत थोडे निराळे आहे, ते नम्रपणे मांडतो. चित्रपटातील नंदू पाहून रडणारे प्रेक्षक घरी गेल्यावर तो विषय विसरू शकतात, कारण नंदू फार गोड आहे. 'नातीगोती'तील बाप विसरता येत नाही. तो चिडतो, थकतो, मुलावर जीव टाकतो आणि आपल्यानंतर याचे काय होणार, या प्रश्नाने आतून कुरतडला जातो. माझ्यासमोर बसलेल्या पालकांचे चेहरे मी अनेकदा पाहिले आहेत. ते कधीही मोठ्याने रडत नसत. ते शाळेच्या वेळा विचारत, बसचा प्रश्न काढत, आणि मग दारापाशी थांबून अगदी हलक्या आवाजात खरा प्रश्न विचारत. प्रभावळकरांच्या त्या बापात हे दारापाशी थांबणे होते. म्हणून मी त्यांच्या सर्व कामांत 'नातीगोती' वर ठेवतो.

---

सीमेवरचा प्रेक्षक:

मास्तर, आपल्या प्रतिसादानंतर मला 'चौकट राजा' पुन्हा पाहावासा वाटला आणि मी तो काल पाहिला. नंदू गोड आहे, हे आपले म्हणणे मान्य. मात्र सुलभा देशपांडे यांच्या आईबरोबरच्या प्रसंगांत त्याचा हट्ट, त्याचे चिडणे आणि स्वतःलाच न कळणारी लाज हेही आहे, आणि ते प्रभावळकरांनी मुळीच सौम्य केलेले नाही. कथेचा गोडवा नटाच्या माथी मारू नये, एवढीच माझी विनंती आहे.

निपाणीकर, आपली तक्रार योग्य आहे. तिला जोडून मी त्यांच्या खलभूमिकांची आठवण देतो, कारण सौम्य म्हातारा ही त्यांची प्रतिमा नव्या पिढीच्या मनात फारच घट्ट बसली आहे. 'साळसूद' या मालिकेतील त्यांचा खलनायक ज्यांनी पाहिला असेल, त्यांना सभ्य हसण्याचीही भीती वाटू शकते, हे माहीत असेल. 'एन्काउंटर: द किलिंग' या हिंदी चित्रपटात त्यांनी गुन्हेगारी टोळीचा म्हातारा सूत्रधार केला. या दोन्ही ठिकाणी त्यांनी आवाज चढवलेला नाही. चेहऱ्यावर तीच शालीनता आहे, जी आबांच्या चेहऱ्यावर आपल्याला आवडली, आणि त्यामुळेच ती माणसे अधिक भयंकर वाटतात.

---

मलप्रभा:

'चरित्र अभिनेता' या शब्दाविषयी थोडे लिहिते. नायक नसलेल्या, वयाने मोठ्या भूमिका करणाऱ्या नटाला आपण सरसकट हा शब्द लावतो आणि त्यात नकळत थोडी कमी लेखण्याची छटा येते. प्रभावळकरांच्या बाबतीत हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने खरा आहे, कारण ते प्रत्येक वेळी एका माणसाचे चरित्र उभे करतात. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही २००६ या वर्षासाठी, सहायक अभिनेत्याचा, 'लगे रहो मुन्नाभाई' आणि गजेंद्र अहिरे यांचा 'शेवरी' या दोन चित्रपटांतील कामांसाठी एकत्रितपणे. हिंदी चित्रपट सगळ्या देशाने पाहिला. 'शेवरी' आपल्यातल्याही फार थोड्यांनी पाहिला असेल. जमल्यास जरूर पाहावा. त्यात नीना कुळकर्णी मुख्य भूमिकेत आहेत.

गांधीजींच्या भूमिकेविषयी मला एक गोष्ट विशेष वाटते. तो गांधी फक्त मुन्नाला दिसतो. म्हणजे तो इतिहासातील गांधी आहे आणि एका गुंडाच्या मनातील गांधीही आहे. नटाने भव्यता आणली असती तर मुन्ना त्याच्याशी बोलूच शकला नसता. फार घरगुती केले असते तर गांधीजींची थट्टा झाली असती. प्रभावळकरांनी मधली वाट काढली. ते पुतळ्यासारखे उभे राहत नाहीत, शेजारच्या आजोबांसारखे कान देऊन ऐकतात आणि मग अगदी थोडे बोलतात. वर 'खानापूरची वाट' यांनी आबांच्या ऐकण्याविषयी जे लिहिले आहे, तेच ऐकणे इथे आहे. मला वाटते, टिपरे झाल्याशिवाय हा गांधी इतका सहज आला नसता.

माझ्या भावाचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले. त्याला मराठी रंगभूमीची फारशी माहिती नव्हती. हा चित्रपट पाहून त्याने मला विचारले की, हे गृहस्थ कुठले? मी त्याला 'हसवाफसवी'ची चित्रफीत दाखवली. सहाही पात्रे एकाच माणसाची आहेत, हे त्याला शेवटी सांगितले, तर त्याने पहिला भाग पुन्हा लावायला सांगितला.

---

चंदगड रस्ता:

माझे आजोळ सावंतवाडीकडचे आणि घर बेळगावला, त्यामुळे आंबोली घाटाच्या वर आणि खाली अशा दोन्हीकडे माझे बालपण गेले. 'दशावतार'विषयी कुणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कुणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, आणि पुढचे सगळे संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. रंगभूषाही त्याची तोच करतो. पेटी उघडून, छोटा आरसा समोर धरून. मंडळीतला माणूस दिवसा शेतात किंवा कुठल्या तरी कामावर असतो आणि रात्री राजा होतो. आजोळी आमच्या शेजारच्या काकांना संकासुराच्या वेषात पाहून मी लहानपणी किंचाळलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच काका आमच्या विहिरीवर पाणी काढत होते. मला कित्येक दिवस त्यांच्याजवळ जाण्याचा धीर झाला नाही.

सुबोध खानोलकर यांच्या चित्रपटात बाबुली मेस्त्री हा असाच कलावंत आहे. त्याची नजर अधू होत चालली आहे आणि मुलाला त्याने आता सोंगे घेणे थांबवावे असे वाटते. प्रभावळकर मुंबईचे, सुशिक्षित, स्वतः लेखणी चालवणारे, प्रत्येक शब्द तोलून लिहिणारे. अशा नटाने संहितेविना वाढलेला नट उभा करायचा, हे मला सुरुवातीला अशक्य वाटले होते. मी दोष शोधण्यासाठीच बसलो होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मालवणी बोलीत एखाद-दुसऱ्या ठिकाणी मला शहरी वळण जाणवलेही. परंतु सोंग चढवण्यापूर्वीचा त्यांचा तो बदल, पाठीचा कणा सरळ होणे, मान वळण्याची गती बदलणे, हे मी रात्रीच्या कंदिलात आणि नंतर ट्यूबलाइटच्या उजेडात शेकडो वेळा पाहिलेले आहे, आणि ते अगदी तसेच होते. माझ्या मामांनी चित्रपट पाहून फोन केला. ते इतकेच म्हणाले की, हा माणूस कधीतरी आमच्या पेटीशेजारी बसलेला असला पाहिजे.

कोकणी माणसाची भूमिका त्यांनी याआधीही केली होती. २०१३ च्या 'नारबाची वाडी'त ते वाडीवर जीव असलेले म्हातारे नारबा होते. तो चित्रपट मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावर बेतलेला होता, तरी नारबा अस्सल कोकणातला वाटतो. नारबा मरायला तयार नाही आणि खोत त्याच्या मरणाची वाट पाहत आहे, असा तो विषय. नारबाचे शरीर मातीकडे झुकलेले आहे, बाबुलीचे शरीर रंगमंचाकडे ताणलेले आहे. दोन्ही म्हातारे शेजारच्या गावांतले वाटतात, पण एकाला दुसऱ्याची चाल दिली असती तर दोन्ही खोटे झाले असते.

---

खानापूरची वाट:

चंदगड रस्ता, अतिशय मोलाचा प्रतिसाद. खानापूरच्या पश्चिमेकडील, गोव्याला लागून असलेल्या गावांतील पाहुण्यांनीही जवळपास हेच सांगितले. एक विचारायचे होते: प्रभावळकरांनी तरुणपणीच इतके म्हातारे केले आहेत की, आता खरे वय झाल्यावर म्हातारपण करताना त्यांच्यात काही फरक पडला आहे का?

---

सीमेवरचा प्रेक्षक:

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी माझ्याजवळ एक उदाहरण आहे. मतकरींच्याच 'आरण्यक' या नाटकात, महाभारत युद्धानंतर वनात गेलेल्या वृद्धांच्या कथेत, प्रभावळकरांनी विदुर केला होता आणि रवी पटवर्धन यांनी धृतराष्ट्र. त्या वेळी प्रभावळकर ऐन उमेदीत होते. विदुराचे वार्धक्य त्यांना रंगभूषेने आणि आवाजाने आणावे लागले होते. चार दशकांहून अधिक काळाने ते नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा धृतराष्ट्र पटवर्धनच होते आणि विदुर प्रभावळकरच. या वेळी पांढरे केस आणायला नकोत, थकवा आणायला नको. सत्तरी पार केलेल्या नटापुढे आता उलटा प्रश्न होता: आपले खरे वार्धक्य विदुराला किती द्यायचे आणि किती आवरायचे.

मी बेळगावहून त्या प्रयोगाला जाण्याचे ठरवले होते. आईच्या आजारपणामुळे ते राहून गेले आणि त्याची हळहळ अजून आहे. ज्या कुणी तो नवा प्रयोग मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरकडे पाहिला असेल, आणि ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी जुनाही पाहिला असेल, त्यांनी कृपया एवढेच लिहावे: विदुर धृतराष्ट्राला वनात सोबत करत असताना चालतो कसा, आणि त्याचा हात त्या आंधळ्या भावाच्या खांद्यावर असतो की मनगटावर?